उभ्या गाडीचं ऑईल चेंबरमध्ये उतरतं? जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीत कुठं कोणतं ऑईल टाकायचं

गाडी पंधरा दिवस उभी होती. ऑईलच्या टाकीचं झाकण उघडलं तर ऑईल तळाला गेलेलं. किक नेहमीपेक्षा जड. दहा-बारा किकांनी इंजिन धरलं आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला. पाच मिनिटांत धूर विरला, टाकीत ऑईल परत आलं, पण गाडीखाली वीतभर डाग पडला तो पडलाच. पुढच्या महिन्यात पुन्हा हेच.

बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ यांपैकी काहीही घरात असलं की हे दृश्य ओळखीचं असतं, आणि त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ऑईल कोणतं टाकू?" मीही दीड वर्ष हाच प्रश्न विचारत फिरलो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. ऑईल नेमकं कुठून कुठं जातंय हा पहिला. तो सोडून मी डबे बदलत बसलो, आणि त्यात पैशापेक्षा इंजिनाचं नुकसान व्हायची भीती जास्त होती.

माझी गाडी बीएसए एम२०. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातली, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, एक सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेला ज्या गाड्या सर्वांत जास्त मिळाल्या त्यांतली ही एक. फौजेबरोबर ती जगभर गेली, हिंदुस्थानातही आली, आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे फौजेच्या जादा मालाच्या विक्रीत, विकली गेली. आमच्या घरी ती आजोबांच्या काळात तशीच आली. साताऱ्यात आजही जुनी माणसं तिला "डिस्पोजलची गाडी" म्हणतात.

ऑईल खाली का उतरतं

या इंजिनाला ड्राय सम्प म्हणतात. ऑईल इंजिनाच्या बुडात साठत नाही, बाजूच्या वेगळ्या टाकीत राहतं. पंप एकच दिसतो, पण त्याच्या पोटात गिअरच्या दोन जोड्या असतात. एक जोडी टाकीतलं ऑईल इंजिनात ढकलते. दुसरी जोडी चेंबरच्या (इंजिनाच्या बुडातली, क्रँक फिरते ती पेटी) तळाशी जमलेलं ऑईल उचलून टाकीत परत पाठवते. परतीच्या जोडीची ताकद मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे चेंबर कोरडं राहावं. म्हणूनच टाकीचं झाकण काढून बघितलं की परतीची धार सलग न येता ऑईल आणि हवा मिसळून थुंकल्यासारखी येते. ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे. नवीन माणूस ती बघून घाबरतो.

गोम अशी की टाकी पंपाच्या वर असते. इंजिन बंद असताना टाकीतल्या ऑईलचं वजन पंपावर दाबत राहतं, आणि गिअरच्या बाजूच्या बारीक फटीतून ते थेंब थेंब खाली जातं. ते अडवायला वाटेत एक स्टीलचा गोळा आणि स्प्रिंग बसवलेली असते. गोळा जागेवर नीट बसला तर वाट बंद. गोळ्याखाली कचरा आला, सीट झिजली किंवा स्प्रिंग थकली, तर टाकी हळूहळू चेंबरमध्ये रिकामी होते. इंग्रजीत याला वेट सम्पिंग म्हणतात. धूर, जड किक, गळती या सगळ्या त्याच्याच पोरी.

मी काय काय करून बसलो

सुरुवातीला गाडीत २०डब्ल्यू-४० होतं. एका गॅरेजात सांगितलं की पातळ आहे म्हणून उतरतं, सिंगल ग्रेड (डब्यावर एकच आकडा असलेलं) ५० टाका. टाकलं. उतरायचं ते दहा दिवसांऐवजी पंधरा दिवसांत उतरायला लागलं. मला वाटलं, दिशा बरोबर आहे. मग दुसऱ्याने सांगितलं, त्यात थोडं १४० नंबरचं गिअर ऑईल मिसळा, आमच्या ट्रकवाल्यांचा अनुभव आहे. तेही केलं. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी किक मारली आणि टाकीत परतीची धार यायला इतका वेळ लागला की मी इंजिन बंद केलं. ते ऑईल जाळीतून आणि नळीतून वाहतच नव्हतं. त्या वेळात बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगला) काय मिळालं असेल हा विचार आजही नको वाटतो. त्याच दिवशी सगळं ऑईल काढलं.

जाड ऑईल टाकल्याने फट बुजत नाही, फक्त त्यातून जायला जास्त वेळ लागतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी मोजा

एक मापाचं भांडं घ्या. मी औषधाच्या दुकानातून ५०० मिलीचं प्लास्टिकचं आणलं. दोन मापं घ्यायची आहेत.

पहिलं माप गरम इंजिनाचं. वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या, बंद करा आणि लगेच चेंबरच्या बुडाची प्लेट काढून जे निघेल ते मोजा. (प्लेटवर जाळी असते. ती पेट्रोलमध्ये धुऊनच परत बसवा.) इंजिन नुकतंच चालून आलंय, म्हणजे परतीच्या पंपाने चेंबर उपसलेलं असायला हवं. एक चहाचा कप भरेल इतपत निघालं तर ठीक. अर्धा लिटर निघालं तर दोष परतीच्या बाजूला आहे आणि गाडी उभी राहण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरं माप विश्रांतीचं. प्लेट बसवा, गाडी आठ दिवस हलवू नका, मग परत काढून मोजा. एका रात्रीत टाकी उतरत असेल तर गोळा बसतच नाही. तीन-चार आठवडे लागत असतील तर पंपाची नैसर्गिक झीज आहे, आणि ऐंशी वर्षांच्या पंपाकडून त्याहून जास्त अपेक्षा मी करत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. निघालेलं ऑईल नाकाला लावा. पेट्रोलचा वास आला, किंवा टाकीत जितकं ऑईल कमी झालं त्याहून जास्त चेंबरमधून निघालं, तर पेट्रोलचा कॉक आणि कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई गळतेय. पेट्रोल रात्रभर झिरपत इंजिनात जातं आणि ऑईल पातळ करतं. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाका. पेट्रोल मिसळलेल्या थेंबाभोवती काही मिनिटांत फिकट, पसरट कडं उमटतं. अशा वेळी डब्यावर कोणताही नंबर छापलेला असला तरी त्याला अर्थ उरत नाही. आधी कॉक बदला.

गोळे दोन आहेत

इथे बरेचजण फसतात, मीही फसलो. एम२०, बी३१, बी३३ या एक सिलिंडरच्या बीएसए सिंगलांत आणि ए१०सारख्या दोन सिलिंडरच्या ट्विनांतही परतीच्या नळीत एक वेगळा गोळा असतो. बुडाची प्लेट काढली की वर एक नळी दिसते. तिच्या तोंडातून बारीक तार हळूच वर ढकला. गोळा उचलला जातो आणि सोडल्यावर आपल्या वजनाने टक् करून खाली बसतो. नाही बसला, किंवा उचललाच गेला नाही, तर तो जुन्या ऑईलच्या डिंकाने चिकटलाय. माझ्या गाडीत हा गोळा अर्धवट चिकटलेला होता. गरम झाला की सुटायचा, गार असताना अडकायचा. त्यामुळे कधी धूर, कधी नाही, आणि मी दरवेळी त्याचं श्रेय किंवा दोष नव्या ऑईलला देत राहिलो. तारेने सोडवून रॉकेलने धुतला, तेवढ्यावर अर्धा आजार गेला.

टाकीकडून येणाऱ्या वाटेचा गोळा टायमिंगच्या बाजूला, पंपाजवळच्या स्क्रूमागे असतो. स्क्रू काढा, स्प्रिंग आणि गोळा बाहेर घ्या. गोळ्यावर डाग किंवा खळगा असेल तर त्याच मापाचा नवा घ्या, बेअरिंगच्या दुकानात मिळतो. सीट स्वच्छ पुसून नवा गोळा तिच्यावर ठेवा आणि पितळी पंचाने हलका, एकच ठोका द्या. सीटवर गोळ्याची बारीक गोल रेघ उमटली की झालं. जोरात ठोकलंत तर ॲल्युमिनियमचा चेंबर चिरेल आणि मग काम गॅरेजातून लेथवर जाईल.

स्प्रिंगच्या बाबतीत मोह आवरा. "जरा कडक टाकू, म्हणजे पक्कं बसेल" हा सल्ला मलाही मिळाला. पंपाला तो गोळा उचलूनच ऑईल पुढे न्यायचं असतं. स्प्रिंग कडक झाली तर इंजिन चालू असताना ऑईल कमी पोचतं, आणि ते कुठल्याही डागाने तुम्हाला कळत नाही. मूळ मापाचीच स्प्रिंग घाला.

टाकीच्या नळीत बंद करायचा कॉक बसवणारे लोक आहेत. उतरणं पूर्ण थांबतं हे खरं. पण एक दिवस तो उघडायचा राहतो. कॉक बंद असेल तर मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) अर्थ होईल, म्हणजे इंजिन सुरूच होणार नाही, असा स्विच जोडणारेही मला माहीत आहेत, आणि त्यांचं काम नीटनेटकं आहे. तरी माझ्या गाडीत मी कॉक बसवणार नाही. ही गाडी घरातला दुसरा कुणीही बाहेर काढतो.

पंप परत बसवताना सिलिकॉनची पेस्ट भसाभस लावू नका. आत दाबली गेलेली पेस्ट सुटून ऑईलच्या वाटेत अडकते. कागदी पॅकिंग आणि त्यावर ग्रीसचा पुसट हात पुरतो.

मग इंजिनात कोणतं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळच्या ब्रिटिश पुस्तकांत उन्हाळ्यासाठी जाड आणि हिवाळ्यासाठी पातळ असे दोन रकाने असतात, आणि पुढे डब्यांची नावं: कॅस्ट्रॉल एक्सएल म्हणजे ३०, एक्सएक्सएल म्हणजे ४०, ग्रँड प्रिक्स म्हणजे ५०. तो उन्हाळा बर्मिंगहॅमचा आहे हे विसरू नका. तिथे जुलैची दुपार सरासरी २१ अंशांच्या आसपास असते. ती आपल्याकडची महाबळेश्वरची थंडी. साताऱ्यात मे महिन्यात ३८ अंशांत यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाला पुस्तकातला हिवाळ्याचा रकाना कधीच लागत नाही. आपण बाराही महिने उन्हाळ्याच्या रकान्यातले.

मग सिंगल ग्रेड ५० की २०डब्ल्यू-५०? १०० अंश सेल्सिअसला दोन्ही एकाच पट्ट्यात येतात, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (ऑईलची जाडी मोजायचं एकक). म्हणजे इंजिन तापल्यावर फरक जवळपास मिटतो. फरक गार असताना असतो. सिंगल ग्रेड गार असताना जास्त जाड, म्हणून उभ्या गाडीत थोडं हळू उतरतं, आणि म्हणूनच सुरू करताना सगळीकडे पोचायला थोडा जास्त वेळ घेतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या चाचणीचा आहे, आणि २०डब्ल्यूची ती चाचणी उणे १५ अंशांना होते. महाराष्ट्रात त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. ५डब्ल्यू-५० सिंथेटिक उत्तम ऑईल आहे, पण फेल्टच्या वायसरांवर आणि कॉर्कच्या पॅकिंगवर बेतलेल्या इंजिनात त्याचा उपयोग दिसण्याआधी गळती दिसते.

मी आता मिनरल २०डब्ल्यू-५० वापरतो, डब्यावर जासो एमए छापलेलं. जासो हे जपानी मानक आहे, मोटारसायकलींसाठी केलेलं. ते बघायचं कारण फक्त क्लच नव्हे. एमए मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. फॉस्फरस येतो झिंकच्या त्या संयुगातून, जे कॅम आणि सपाट तळाच्या टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) यांच्यामधला शेवटचा थर राखतं. २००४पासून मोटारींच्या पातळ ग्रेडच्या ऑईलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी फॉस्फरसवर वरची मर्यादा आली. ती मर्यादा ५डब्ल्यू-३०सारख्या ग्रेडना लागू आहे, २०डब्ल्यू-५०ला नाही. म्हणून "आजच्या ऑईलमध्ये झिंकच राहिलं नाही" ही सरसकट ओरड मी मनावर घेत नाही. पण कारसाठीचं पातळ, पेट्रोल वाचवणारं ऑईल जुन्या ब्रिटिश गाडीत टाकायचं नाही, हे पक्कं. वरून झिंकच्या बाटल्या ओतायचीही गरज नाही. प्रमाण बिघडलं तर फायद्याऐवजी तोटाच.

डिटर्जंटचा वाद

"जुन्या इंजिनात डिटर्जंट असलेलं ऑईल टाकू नये" हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतं. त्यामागे खरं कारण आहे, पण ते सगळ्या गाड्यांना सारखं लागू नाही.

डिटर्जंट घाण सुटी करून ऑईलमध्ये तरंगत ठेवतं, म्हणजे फिल्टरने ती पकडावी. या गाड्यांत कागदी फिल्टर नाही. जाळी आहे, आणि जाळी वाळूचे खडे अडवते, काजळी नाही. पूर्वीचं साधं ऑईल घाण खाली बसू द्यायचं. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विनांमध्ये तर त्यासाठी मुद्दाम जागा केलेली आहे. क्रँकशाफ्टच्या आत एक पोकळी असते, स्लज ट्रॅप. क्रँक फिरते तशी ऑईलमधली जड घाण बाहेरच्या अंगाला फेकली जाऊन तिथे साचते, आणि स्वच्छ ऑईल बिग एंडच्या शेलला (रोलर नसलेल्या सपाट बेअरिंगच्या वाट्यांना) मिळतं. साचत साचत ती पोकळी वाळलेल्या चिखलासारखी गच्च होते.

माझ्या एका मित्राची ट्रायम्फ सहाशे पन्नास आहे. पन्नासच्या दशकातली, आणि आत कधी उघडलेली याची नोंद नाही. त्याला मी स्पष्ट सांगितलं की कोणतं ऑईल हा विचार करण्याआधी क्रँक उघड. तो ट्रॅप भरलेला असेल तर डिटर्जंट ऑईल टाकलं तरी धोका, आणि साधं टाकलं तरी धोकाच. एकात गुठळी सुटून शेलच्या वाटेत जाईल, दुसऱ्यात वाट आपोआप बुजेल. त्याने इंजिन उतरवलं. ट्रॅपचा स्क्रू पंच मारून पक्का केलेला होता, पंचाची खूण ड्रिलने काढून मगच तो फिरला. आतून जे निघालं ते काळ्या मेणासारखं होतं, स्क्रूड्रायव्हरने खरवडावं लागलं. स्वच्छ केल्यावर तो निश्चिंतपणे डिटर्जंटवालं २०डब्ल्यू-५० वापरतो.

एम२०सारख्या सिंगलाच्या बिग एंडला रोलर आहेत, शेल नाही, आणि असा ट्रॅपही नाही. तिथे मी टाकी उतरवून धुतली, चेंबर धुतलं, आणि नवं ऑईल पहिल्या ३०० किलोमीटरला काळं झालं म्हणून लगेच बदललं. दुसऱ्यांदा ८०० किलोमीटरला. आता दर १५०० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. फिल्टर नसलेल्या इंजिनात महाग ऑईल जास्त दिवस ठेवण्यापेक्षा बेताचं ऑईल लवकर बदलणं मला पटतं.

गिअरबॉक्स: ग्रीस भरू नका

हा भाग कृपया नीट वाचा, कारण आपल्याकडे इथेच सर्वांत जास्त गाड्या खराब होतात.

आपले जुने मिस्त्री बुलेटवर तयार झालेले. बुलेटचा चार गिअरचा आल्बियन डबा (गिअरबॉक्स) आणि मॅचलेस, एरियल यांचे बर्मन डबे मुळातच मऊ, वाहत्या ग्रीसवर चालायचे. ती सवय हाताला लागलेली असते. त्यात डबा गळत असेल तर "ग्रीस भरून देतो, गळणार नाही" हे ठरलेलं. आणि भरलं जातं ते चासीचं घट्ट ग्रीस. गळती खरंच थांबते, कारण ते ग्रीस हलतच नाही. गिअर त्यात स्वतःपुरता एक बोगदा कोरतात आणि त्या बोगद्यात कोरडे फिरतात. बुशांपर्यंत काहीच पोचत नाही. बर्मनच्या डब्यातही ग्रीस घालायचंच असेल तर ते दोन शून्य किंवा तीन शून्य नंबरचं, चमच्यातून मधासारखं ओघळणारं हवं.

बीएसएच्या डब्यात ऑईल जातं. कोणतं? इथे नंबरांचा घोळ आहे. इंजिन ऑईलचे नंबर आणि गिअर ऑईलचे नंबर वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. १०० अंशांना गिअरचं ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक. इंजिनचं ४० आणि ५० त्याच आवाक्यात येतात. म्हणजे पुस्तकात ५० लिहिलंय आणि दुकानदार नव्वद नंबर देतोय तर तो दुप्पट जाड माल देत नाहीये. दोन्हीपैकी काहीही चालेल.

खरं बघायचं ते नव्वदच्या शेजारी छापलेलं जीएल, म्हणजे गिअर ऑईलचा वर्ग. जीएल-५ ट्रकच्या आणि जीपच्या डिफरन्शियलसाठी, हायपॉइड गिअरसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची भारी मात्रा असते. स्टीलला ती वाचवते, पण तापलेल्या ऑईलमधलं सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. आपल्या डब्यांतले बुश फॉस्फर ब्राँझचे आहेत. सगळी जीएल-५ ऑईल सारखीच आक्रमक नसतात, पण दुकानात उभं राहून ते कळायची सोय नाही. ब्रिटिश मोटारसायकलीच्या सरळ दातांच्या गिअरना इतक्या मात्रेची गरजही नाही. जीएल-४चं ९० किंवा ८०डब्ल्यू-९० मागा. न मिळाल्यास इंजिनात टाकता तेच ऑईल टाका, काही बिघडत नाही.

गळतीबद्दल एकच सांगतो. जुन्या पुस्तकातला पाइंट ब्रिटिश आहे, ५६८ मिली. इंटरनेटवरून उचललेला अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा. माप घेण्याआधी पुस्तक कुठलं ते बघा, आणि शेवटी लेव्हलच्या स्क्रूवरच विश्वास ठेवा. निम्मी "गळती" जास्त भरल्याची असते.

प्रायमरी चेनकेस आणि क्लच

चेनकेसमध्ये, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन असते त्या पेटीत, पातळ ऑईल हवं, २० नंबरच्या आसपासचं. जाड ऑईलने क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. सकाळी पहिला गिअर टाकताना गाडी हिसका देते ते त्यामुळे. एम२०च्या क्लचवर घुमटासारखं झाकण असतं, प्लेटांना ऑईलपासून दूर ठेवण्यासाठी. त्या झाकणाचं पॅकिंग फाटलं किंवा चेनकेस काठोकाठ भरलं की क्लच घसरतो आणि लोक क्लचच्या स्प्रिंगा आवळत बसतात. चेनची खालची बाजू ऑईलला जेमतेम शिवेल एवढंच भरा. प्लेटा भिजल्याच असतील तर काढून पेट्रोलने धुवा आणि उन्हात वाळवा. चेनकेस पत्र्याचं आहे, कॉर्कच्या पट्टीवर बसतं, थोडं पाझरणार. त्यावरून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

ट्रायम्फच्या १९७०नंतरच्या ट्विनांत चेनकेस आणि इंजिन यांचं ऑईल एकमेकांत जातं. तिथे वेगळं पातळ ऑईल ओतण्यात अर्थ नाही, इंजिनातलंच. आणि तिथे जासो एमए खरोखर क्लचसाठी लागतं.

बाकीच्या जागा

गर्डर फोर्कच्या निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा, पण घर्षणाच्या डॅम्परच्या चकत्यांना ग्रीसचं बोटही लावू नका, त्या कोरड्याच हव्यात. टेलिस्कोपिक फोर्क असेल तर २० नंबर. हबमध्ये बेताचं ग्रीस. जास्त भरलं तर ते ब्रेकच्या लायनिंगवर येतं. मॅग्नेटोच्या कॅमच्या फेल्टला सहा महिन्यांत एक थेंब, दोन नाही, कारण दुसरा पॉइंटवर जातो. एरंडाच्या तेलावरचं रेसिंग ऑईल मिनरलमध्ये मिसळू नका. दोन्ही एकत्र नांदत नाहीत, त्यांचा डिंक होतो, आणि तोच डिंक पुढे गोळ्यांना चिकटतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर जूनच्या आधी ऑईल बदला, सप्टेंबरात नव्हे. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल असतं, ते चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. आणि पावसात दर आठवड्याला पाच मिनिटं "नुसतं सुरू करून ठेवण्याची" सवय सोडा. इंजिन पुरतं तापत नाही, आत वाफेचं पाणी धरतं, आणि टाकीच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा पिवळसर थर येतो. सुरू केलीत तर अर्धा तास चालवूनच आणा, नाहीतर झाकून ठेवा.

आणखी एक, जे मी सर्वांत शेवटी तपासलं आणि आधी तपासायला हवं होतं. चेंबरच्या ब्रीदरची, म्हणजे आतली हवा बाहेर जायची, वाट. ती बुजली की पिस्टन खाली येताना दाबलेली हवा ऑईल घेऊन प्रत्येक सांध्यातून बाहेर पडते. माझ्या गाडीत ती वाट वाळलेल्या ऑईलने आणि मातीने बंद होती. साफ केल्यावर ज्या पॅकिंगला मी दोनदा बदललं होतं ते गळायचं थांबलं.

सध्या गाडीत २०डब्ल्यू-५० मिनरल, गिअरच्या डब्यात जीएल-४चं ८०डब्ल्यू-९०, चेनकेसमध्ये २० नंबर आहे. नवा गोळा बसवून दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात गाडी तीन आठवडे उभी होती. प्लेट काढून मोजलं, १९० मिली. पहिल्या किकांनी थोडा धूर आला, कासच्या रस्त्याला लागेपर्यंत गेला. तुमच्या गाडीचं माप विचारायचं असेल तर गरम आणि गार, दोन्ही आकडे मोजून सांगा.